५८ टक्के कशाचे? ट्रायग्लिसराइड, प्रीडायबिटीस आणि अण्णांचा रिपोर्ट



या वेळी सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टं कशी मांडायची यावर लिहिणार होतो. तो लेख थोडा पुढे ढकलतोय. कारण गेले पाच महिने आमच्या घरात एका लॅब रिपोर्टवरून जे काही चाललं, त्यातून संशोधनाचा पेपर कसा वाचायचा हे मला कोर्सवर्कच्या तासांपेक्षा जास्त कळलं. पेटची तयारी करणाऱ्या, नेट-सेटच्या अभ्यासात बुडालेल्या मुलामुलींना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बायोकेमिस्ट्रीचा संशोधक विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. हा लेख वाचून कुणी गोळी सुरू करू नका, आणि चालू असलेली बंद तर अजिबात करू नका.

रिपोर्ट आला

अण्णा साठ वर्षांचे. एसटीतून निवृत्त झालेले. कॉलनीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं, तिथे त्यांनी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो आला. उपाशीपोटी साखर १२१, ट्रायग्लिसराइड ३१२, एचडीएल ३५, एचबीए१सी ६.१. खाली अण्णांचा मेसेज: "तू पीएच.डी. करतोस ना, सांग आता काय ते."

घरात या आकड्यांना वजन होतं, कारण मोठे काका. त्यांना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष झालं आणि अंगठा काढावा लागला. त्यामुळे "शुगर" हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्याने उच्चारत नाही. अण्णांनी स्वतःचं एक अनुमानही काढलं होतं: "दादाला गोळी सुरू झाली तिथून तो खचला. मला गोळी नको." आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी मोजमाप तपासा

मी लगेच पेपर शोधायला बसलो. संध्याकाळी आमच्या मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, रिपोर्ट दाखवला. त्यांनी आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, "सॅम्पल कसं घेतलं होतं?"

घरी येऊन अण्णांना विचारलं. आदल्या रात्री चुलत बहिणीच्या लग्नाचं जेवण. जेवायला साडेअकरा वाजले. सकाळी आठला रक्त दिलं.

"पण अण्णा, सकाळी काही खाल्लं नव्हतं ना?"

"छे, काहीच नाही. फक्त चहा घेतला."

"चहा? साखरेचा?"

"मग काय मिठाचा? चहा म्हणजे काय खाणं थोडंच आहे!"

झालं. म्हणजे उपाशीपोटी म्हणून छापलेली साखर उपाशीपोटी नव्हतीच. जड जेवणानंतर ट्रायग्लिसराइड काही तास चढलेले राहतात, म्हणून साधारण बारा तासांच्या अंतराने घेतलेलं सॅम्पल तुलनेला बरं पडतं. शिवाय ट्रायग्लिसराइड हा मुळातच चंचल आकडा आहे. एकाच माणसात, काहीही न बदलता, दोन दिवसांच्या मोजणीत २० टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो.

आठवडाभर नेहमीचं जेवण ठेवून, बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासणी केली. साखर १०९, ट्रायग्लिसराइड २४८, एकूण कोलेस्टेरॉल २२२, एचडीएल ३४. म्हणजे आकडे उतरले, पण प्रश्न राहिलाच.

इथे एक गंमत झाली. पहिल्या रिपोर्टात एलडीएल १२९ होता, दुसऱ्यात १३८. अण्णा म्हणाले, "हे वाढलं की!" वाढलं नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रातून काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. दुसऱ्या रिपोर्टचं गणित करून बघा: २२२ वजा ३४ वजा ४९.६, उत्तर १३८. पहिल्या वेळी ट्रायग्लिसराइड फुगलेले, म्हणून वजाबाकी जास्त आणि एलडीएल कमी दिसला. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरूच नये असा नियम आहे. याउलट एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल हा आकडा, म्हणजे नॉन-एचडीएल, पहिल्या वेळी १९१ आणि दुसऱ्या वेळी १८८. जवळपास जागचा हलला नाही.

संशोधनातला धडा: तक्त्यातली प्रत्येक संख्या मोजलेली नसते, काही काढलेल्या असतात. कुठली कोणती ते आधी विचारा.

रेषा कुणी आखली?

प्रीडायबिटीस म्हणजे मधुमेह नाही, पण साखर नेहमीपेक्षा वर. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४. ही अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा ११० पासून धरते. अण्णांची साखर १०९. म्हणजे अमेरिकेच्या नियमाने प्रीडायबिटीस, जिनिव्हाच्या नियमाने उपाशीपोटीची साखर ठीक! माणूस तोच, रक्त तेच.

म्हणून कुठलाही पेपर वाचताना "प्रीडायबिटीस असलेले रुग्ण" एवढ्यावर थांबायचं नाही. कोणत्या चाचणीने, कोणत्या रेषेने निवडले ते मेथड्समध्ये जाऊन बघायचं.

एचबीए१सीलाही एक खोड आहे. तो तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर दाखवतो, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब. पण लोहाची कमतरता असेल तर तो उगाचच थोडा जास्त येऊ शकतो. आमच्या आईचा ५.८ आला आणि हिमोग्लोबिन ९.२. तिच्या बाबतीत आधी रक्त वाढवून मग पुन्हा तपासायचं असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्याकडच्या बायकांत ॲनिमिया किती आहे हे माहीत असताना फक्त एचबीए१सीवर सर्वेक्षण आखणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा.

ट्रायग्लिसराइडच्या पायऱ्या अशा: १५० च्या आत ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० च्या वर खूप जास्त. शेवटच्या पायरीवर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, हजाराच्या वर तर फारच. तिथे गोळ्या टाळत बसायची मुभा नसते.

साखर आणि चरबी एकत्र का वाढतात?

मोंढ्यातल्या अडत्याचं गोदाम डोळ्यासमोर आणा. ते गोदाम म्हणजे यकृत. जेवणातून गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट आलं की यकृत त्यातल्या काही भागाची चरबी बनवतं, व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरतं आणि रक्तात सोडतं. रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड म्हणजे रस्त्यावर असलेल्या ट्रकांतला माल.

इन्शुलिन एरवी दोन हुकूम देतं. चरबीच्या पेशींना: साठा सोडू नका. यकृताला: नवी साखर बनवू नकोस. इन्शुलिनला प्रतिरोध निर्माण झाला की चरबीच्या पेशी ऐकत नाहीत, त्यांच्याकडून मेदाम्लं यकृताकडे येत राहतात. यकृतही साखरेचा हुकूम मानत नाही, पण चरबी बनवायचं काम मात्र चालूच ठेवतं. म्हणजे माल दोन्ही बाजूंनी येतो. त्यात रक्तातल्या ट्रकांतून माल उतरवून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही मंदावतं. रस्त्यावर गर्दी. या गर्दीत व्हीएलडीएल आणि एचडीएल यांच्यात मालाची अदलाबदल होते, ट्रायग्लिसराइडने भरलेला एचडीएल लवकर मोडीत निघतो, म्हणून तो कमी दिसतो.

म्हणजे अण्णांच्या रिपोर्टातले तीन वाईट आकडे, थोडी वर गेलेली साखर, जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल, हे तीन वेगळे आजार नाहीत. एकाच गोष्टीच्या तीन बाजू आहेत.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत महाराष्ट्रात मधुमेह ८.४ टक्के आणि प्रीडायबिटीस १२.८ टक्के होता. त्याच टप्प्यातल्या चार भागांत मिळून २९.५ टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड जास्त आणि ७२.३ टक्के लोकांचा एचडीएल कमी होता. २०२३ मध्ये १,१३,०४३ लोकांवर आधारलेले देशभराचे आकडे आले: मधुमेह ११.४ टक्के, प्रीडायबिटीस १५.३ टक्के, म्हणजे अंदाजे १३.६ कोटी माणसं.

पण अण्णा जाड कुठे आहेत?

हा आईचा प्रश्न. उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो, बीएमआय २६. दिसायला हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे. याचं उत्तर पुण्यात सापडतं.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या बाबतींत लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. स्नायू कमी, चरबी राखलेली. "थिन-फॅट" ही संकल्पना इथून रुजली. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एका पानाची ती नोंद, पण बीएमआय हे माप सगळ्यांना सारखं लावता येत नाही हे तिने जगाला दाखवलं.

म्हणूनच आपल्यासाठी जादा वजनाची रेषा २३ आणि लठ्ठपणाची २५ धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमी. अण्णांची कंबर ९७.

५८ टक्के कशाचे?

आता मुख्य भाग. मला पहिल्याच दिवशी सापडलेला पेपर म्हणजे अमेरिकेचा डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, २००२. एकूण ३,२३४ लोक, तीन गट. जीवनशैली बदललेल्या गटात (वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट) मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन गटात ३१ टक्क्यांनी. मी अण्णांना जाहीर केलं, "बघा, चालण्याने ५८ टक्के फरक, गोळीने फक्त ३१!" अण्णा खूश. मी पण.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "५८ टक्के कशाचे?"

मला उत्तर देता आलं नाही. मग पुन्हा पेपर उघडला. तीन वर्षांत साध्या गटातल्या अंदाजे २८.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली गटात १४.४ टक्के लोकांना. (यावरून पन्नास टक्के दिसतात. ५८ हा आकडा प्रत्येकाचा पाठपुराव्याचा काळ हिशोबात धरून काढलेल्या दरांच्या तुलनेतला आहे.) म्हणजे प्रत्यक्ष फरक १४.५ टक्क्यांचा. साधारण सात जणांनी तीन वर्षं नेटाने केलं तर त्यातल्या एकाचा मधुमेह टळतो. सापेक्ष आणि निरपेक्ष घट यांतला हा फरक पेपरात प्रश्न म्हणून येतो तेव्हा आपण पाठ केलेलं लिहून टाकतो. अण्णा समोर बसलेले असताना तो वेगळा वाटतो.

मॅडमचा दुसरा प्रश्न: "ही माणसं अण्णांसारखी होती का?" नव्हती. त्यांचा सरासरी बीएमआय ३४ होता. मग आपल्याकडचा अभ्यास शोधला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, २००६. त्यात ५३१ लोक, सरासरी वय ४६, बीएमआय २५.८, पाठपुरावा ३० महिन्यांचा. मधुमेह झालेल्यांचं प्रमाण असं:

काहीच न केलेला गट: ५५.० टक्के
जीवनशैली: ३९.३ टक्के
मेटफॉर्मिन: ४०.५ टक्के
दोन्ही एकत्र: ३९.५ टक्के

जीवनशैलीची सापेक्ष घट २८.५ टक्के. अमेरिकेच्या ५८ पुढे बिचारी वाटते ना? पण निरपेक्ष फरक काढा: ५५.० वजा ३९.३ म्हणजे १५.७. साधारण साडेसहा जणांमागे एक. म्हणजे टक्केवारीत निम्मी दिसणारी गोष्ट माणसं मोजली की तेवढीच भरते, कारण आपल्याकडे मुळातली जोखीमच मोठी होती. निम्म्याहून जास्त लोक अडीच वर्षांत मधुमेहात गेले! (दोन्हींचा काळ सारखा नाही आणि चेन्नईत निवडही दोनदा ग्लुकोज चाचणी करून झाली होती, म्हणून ही तुलना सावधपणे घ्या.)

आणखी दोन गोष्टी त्यात होत्या. एक, जीवनशैली गटाचं वजन फारसं घटलं नव्हतं, तरी फायदा झाला. दोन, जीवनशैली आणि गोळी एकत्र केल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. "गोळीपेक्षा चालणं दुप्पट बरं" हे माझं वाक्य आपल्या लोकांच्या अभ्यासात टिकलं नाही. तिथे दोन्ही जवळपास सारखेच.

मग प्रश्न असा की मी अमेरिकेचाच पेपर का उचलला? कारण अण्णांना हवं असलेलं उत्तर त्यात होतं. मला शोधायचं नव्हतं, सिद्ध करायचं होतं. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहिताना आपण नेमकं हेच करतो.

फायदा किती टिकतो? चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ लोकांवर सहा वर्षांचा असाच प्रयोग झाला. तीस वर्षांच्या पाठपुराव्यात मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा आला आणि हृदयविकार, पक्षाघातासारख्या घटना २६ टक्क्यांनी कमी झाल्या. टळणं आणि लांबणं यांत फरक आहे, पण काकांकडे बघितलं की चार वर्षं कमी वाटत नाहीत.

ट्रायग्लिसराइड उतरले म्हणजे झालं का?

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. ट्रायग्लिसराइड कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, फायब्रेट त्यातलीच. मग सरळ गोळी घेऊन आकडा उतरवावा की! २०२२ मध्ये प्रॉमिनंट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह, ट्रायग्लिसराइड २०० ते ४९९ आणि एचडीएल ४० किंवा कमी, असे १०,४९७ लोक. पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी उतरले. हृदयविकाराच्या घटना? दोन्ही गटांत जवळपास सारख्याच.

आकडा सुधारला, माणसाचं भलं झालं असं दिसलं नाही. याला म्हणतात सरोगेट एंडपॉइंट, म्हणजे खऱ्या परिणामाच्या जागी बसवलेला बदली मोजमाप. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये उंदरांच्या रक्तातला एखादा आकडा उतरला की "औषध प्रभावी" असं लिहायच्या आधी प्रॉमिनंट आठवा.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचंही तसंच. २०१८ च्या रिड्यूस-इट चाचणीत शुद्ध केलेल्या ईपीएने घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२० च्या स्ट्रेंथ चाचणीत ईपीए आणि डीएचएच्या मिश्रणाने काहीच फरक पडला नाही. पहिल्या चाचणीत प्लासीबो म्हणून खनिज तेल होतं, दुसरीत मक्याचं तेल. खनिज तेलानेच तुलनेच्या गटाचं थोडं नुकसान केलं का, हा वाद अजून संपलेला नाही. तुलना कशाशी केली, हे किती महत्त्वाचं असतं बघा.

डॉक्टरांनी काय ठरवलं

शेवटी अण्णांना फिजिशियनकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉईड, किडनी, लिव्हर तपासायला सांगितलं, दारू आणि इतर औषधांबद्दल विचारलं, कारण ट्रायग्लिसराइड वाढायची ही कारणं वेगळी असतात आणि त्यांचा इलाजही वेगळा. ते सगळं ठीक निघालं. मग म्हणाले, "काका, मेटफॉर्मिन आत्ता नको. फायब्रेटही नको, तुमचे ५०० च्या वर नाहीत. पण वय, साखर, एलडीएल, नॉन-एचडीएल बघता स्टॅटिन घ्या. आणि खाणं-चालणं तुमच्या हातात."

अण्णांनी खिशातून मोबाइल काढला. "डॉक्टरसाहेब, इथं लिहिलंय, या गोळीने शुगर होते."

फॉरवर्ड पूर्ण खोटा नव्हता, म्हणूनच धोकादायक होता. २०१० मध्ये १३ चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांचं एकत्र विश्लेषण झालं. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता ९ टक्क्यांनी वाढते. पुन्हा तोच प्रश्न: ९ टक्के कशाचे? २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एक जास्तीचा मधुमेही. हृदयविकाराच्या जितक्या घटना टळतात त्या याहून जास्त. या वेळी हे उत्तर मी दिलं. अण्णा दोन दिवस विचार करून गोळीला तयार झाले.

घरात काय बदललं

पहिलं, चहा. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी. आता दोन कप, तेही बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस घरात फार तापलेले गेले.

दुसरं, भाकरी. शेजारचे म्हणाले, "ज्वारी खा, ज्वारीने काही होत नाही." ज्वारी चांगलीच, तंतू जास्त. पण शंभर ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट असतं. चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींचं पिष्ट पोटात जातंच. चारच्या दोन झाल्या आणि वरण घट्ट झालं, मटकी-मूग, अंडी, ताक आणि पालेभाजी वाढली. इंडियाबच्या २०२२ च्या एका विश्लेषणात प्रीडायबिटीसमधून परत यायला पिष्ट ५० ते ५६ टक्के आणि प्रथिनं १८ ते २० टक्के असावीत असं गणित मांडलंय. ते एका वेळच्या पाहणीवर बसवलेलं सांख्यिकी प्रारूप आहे, प्रयोग नाही. दिशा म्हणून घ्यायचं.

तिसरं, उपवास. सोमवार आणि एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. अण्णांचा "उपवास" हा आठवड्यातला सगळ्यात जास्त पिष्टाचा दिवस होता! आता ताक, फळ, मूठभर शेंगदाणे. देवाची काही तक्रार आलेली नाही.

चौथं, चालणं. सकाळी हिमायत बागेत पस्तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरचा चढ कमी होतो. आईचं म्हणणं, "याला शतपावली म्हणतात, त्यासाठी पेपर वाचावा लागतो होय?"

चार महिन्यांनी

वजन ७४ वरून ७०, कंबर ९७ वरून ९२. उपाशीपोटी साखर १०३, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १७१.

आता सांगा, ट्रायग्लिसराइड कशाने उतरले? साखर सोडल्याने? वजन घटल्याने? चालण्याने? स्टॅटिननेही ट्रायग्लिसराइड थोडे उतरतात, त्याचा वाटा किती? आणि २४८ हा आकडाच त्या दिवशी जरा वर असेल तर? टोकाचा आकडा पुन्हा मोजला की सरासरीकडे सरकतोच. एका माणसावर, एकाच वेळी पाच गोष्टी बदलून, तुलनेचा गट न ठेवता मी काहीही सिद्ध करू शकत नाही. प्रीडायबिटीसही अजून गेलेला नाही. ५.८ हा रेषेच्या आत नाही. अण्णांच्या दृष्टीने मात्र त्याने काही बिघडत नाही. त्यांना कारण वेगळं काढायचं नाहीये, पाय शाबूत ठेवायचे आहेत. संशोधकाचा आणि माणसाचा प्रश्न वेगळा असू शकतो. आपल्याला दोन्ही ओळखता आले पाहिजेत.

पुढचा पेपर वाचताना हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. आकडा मोजला की काढला, आणि सॅम्पल कसं घेतलं?
२. माणसं कुणी, कोणत्या रेषेने निवडली? ती माझ्या माणसांसारखी आहेत का?
३. टक्के कशाचे? मुळातली जोखीम किती?
४. तुलना कशाशी केली?
५. सुधारलं ते माणसाचं आयुष्य की फक्त रिपोर्ट?

आणि सहावा स्वतःसाठी: हा पेपर मी का उचलला?

परवा काका घरी आले होते. अण्णांनी त्यांना चहा दिला, स्वतः बिनसाखरेचा घेतला. काका म्हणाले, "अरे, एक चमचा साखरेने काय होतंय?"

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, याला विचारा. पण आधी सांगतो, हा लगेच विचारेल, दिवसातले किती चमचे?"